फँटसी हॉकीचा संघ: कॉर्नर कोण मारतो, ते आधी विचारा

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आला आहे. बारा जणांची खाजगी फँटसी लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून कागदावर संघ निवडायचा आणि त्यांच्या सामन्यातल्या खेळावरून गुण मोजायचे. ती हॉकी इंडिया लीग आणि भारताचे आंतरराष्ट्रीय सामने यांवर चालते. संघ अकरा जणांचा, १०० क्रेडिटांत बसवायचा; प्रत्येक खेळाडूची क्रेडिटांतली किंमत ॲप ठरवतं. गोलकीपर एक, डिफेंडर ३ ते ५, मिडफिल्डर ३ ते ५, फॉरवर्ड १ ते ३. एका बाजूचे जास्तीत जास्त सात. कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. "गोल करणारे फॉरवर्ड घेतो, मोठी नावं घेतो, तरी दर वेळी आठवे-नववे येतो. चुकतं कुठे?"

सोबत गुणांचं कोष्टकही दिलंय. मैदानात उतरल्याचे २. गोलाचे फॉरवर्डला १०, मिडफिल्डरला १२, डिफेंडरला १४. असिस्टचे (गोलाचा पास दिल्याचे) ६, पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या फाउलमुळे बेसलाइनवरून मिळणारी गोलाची ठरावीक संधी) मिळवून दिल्याचे २, गोलकीपरच्या प्रत्येक बचावाचे ३. एकही गोल खाल्ला नाही तर गोलकीपरला ८ आणि डिफेंडरला ६. खाल्लेल्या दर गोलामागे गोलकीपरचे २ आणि डिफेंडरचा १ वजा. ग्रीन कार्डाचे उणे २, यलोचे उणे ४, रेडचे उणे ८. शूटआउटचे गोल धरत नाहीत.

या कोष्टकातच उत्तर आहे. डिफेंडरच्या गोलाला १४ गुण हा नियम फुटबॉलवरून उचललेला दिसतो. फुटबॉलमध्ये डिफेंडर क्वचित गोल करतो, म्हणून त्याला जास्त गुण देणं रास्त. हॉकीत गोष्ट उलटी आहे. इथे संघाचा सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस बहुतेक वेळा डिफेंडरच असतो, कारण पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक, म्हणजे काठीने चेंडू ओढत नेऊन गोलात उडवायचा फटका, तोच मारतो. गेल्या तीन ऑलिंपिकमधले पुरुषांचे सर्वाधिक गोल बघा: रिओ २०१६ मध्ये अर्जेंटिनाकडून गोन्झालो पेयाटचे ११, टोकियोत बेल्जियमच्या अलेक्झांडर हेंड्रिक्सचे १४, पॅरिस २०२४ मध्ये भारताच्या हरमनप्रीत सिंगचे १०. तिघेही डिफेंडर, तिघेही ड्रॅग फ्लिकर. पॅरिसमध्ये भारताचे एकूण गोल १५ झाले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. उरलेले पाच मनदीप, विवेक सागर, अभिषेक आणि सुखजीत या चौघांत वाटले गेले. म्हणजे सगळे फॉरवर्ड मिळूनही त्याच्या निम्म्यापर्यंत पोचले नाहीत.

तेव्हा पहिला प्रश्न "फॉर्मात कोण आहे" हा नको. दोन्ही संघांत पहिला कॉर्नर कोण मारतो, दुसरा कोण, आणि पेनल्टी स्ट्रोक (एकट्या गोलकीपरसमोरचा फटका) कोण घेतो, ही तीन नावं आधी कागदावर लिहा. संघाचा बाकीचा सांगाडा त्याभोवती उभा राहतो.

आता हिशेब. एका बऱ्या संघाला सामन्यात पाच कॉर्नर मिळतील असं धरा. त्यातले साडेतीन पहिल्या फ्लिकरकडे जातात, बाकीचे दुसऱ्याकडे किंवा बदललेल्या चालीत. पाच फ्लिकमागे एक गोल हा अंदाज पहिल्या पायरीला पुरतो. साडेतीन भागिले पाच म्हणजे ०.७ गोल. गुणिले १४ केले की ९.८. त्यात उतरल्याचे २ मिळवा, संघ सरासरी दीड गोल खातो म्हणून दीड वजा करा, पाचात एकदा क्लीन शीट मिळते, म्हणजे एकही गोल खाल्ला जात नाही, म्हणून १.२ मिळवा. बेरीज ११.५.

चांगल्या फॉरवर्डचं काय? ०.४ गोल म्हणजे ४ गुण, सामन्याला एक कॉर्नर मिळवून दिल्याचे २, चार सामन्यांत एक असिस्ट म्हणजे १.५, उतरल्याचे २. बेरीज ९.५. सर्जनशील मिडफिल्डर: ०.२ गोलाचे २.४, असिस्टचे सुमारे २.१, मिळवलेल्या कॉर्नरचे १.२, उतरल्याचे २, मिळून ७.७. कॉर्नर न मारणारा साधा डिफेंडर मात्र २ वजा १.५ अधिक १.२, म्हणजे फक्त १.७.

हा शेवटचा आकडा नीट बघा. नाव कितीही मोठं असो, चेंडू कितीही सफाईने काढत असो, कॉर्नर मारत नसलेला डिफेंडर तुमच्या कोष्टकात जवळजवळ रिकामी जागा आहे. तुमच्या तक्त्यात टॅकलला आणि अडवलेल्या पासला गुणच नाहीत. मग ९ क्रेडिटचा दर्जेदार फुलबॅक घेणं म्हणजे पैसे नाल्यात. तुमचे जुने संघ पाहिले तर त्यात असे दोन-तीन जण नक्की सापडतील, आणि आठवा-नववा नंबर तिथेच येतो.

यातून मांडणी ठरते. डिफेंडर तीनच घ्यावेत, किमान मर्यादेइतकेच: दोन्ही बाजूंचे पहिले फ्लिकर आणि तिसरा सगळ्यात स्वस्त, पण कमी गोल खाणाऱ्या संघाचा. मिडफिल्डर चार, फॉरवर्ड तीन. क्रेडिटांची वाटणी साधारण अशी बसते: गोलकीपर ८.५, फ्लिकर १०.५ आणि १०, तिसरा डिफेंडर ७; मिडफिल्डर ९.५, ९, ८.५ आणि ८. फॉरवर्ड १०, ९.५ आणि ९. एकूण ९९.५. चौथा डिफेंडर फक्त एकाच कारणाने घ्यावा, तो म्हणजे त्याच संघाचा दुसरा फ्लिकर असेल तर.

दुसऱ्या फ्लिकरकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि त्यामागचा नियमही अनेकांना माहीत नसतो. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, पण कॉर्नर दिला गेला की तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. अपवाद बचाव करणाऱ्या गोलकीपरच्या दुखापतीचा किंवा निलंबनाचा. म्हणजे कॉर्नर मिळाला त्या क्षणी पहिला फ्लिकर बाकावर पाणी पीत बसला असेल, तर तो धावत आत येऊ शकत नाही. मैदानात जो आहे तोच मारणार. म्हणून शहाणा कोच दोन फ्लिकरांना एकाच वेळी बाहेर बसवत नाही. साठ मिनिटांत पहिला पंचेचाळीस मिनिटं खेळला, तर उरलेल्या पंधरा मिनिटांतले कॉर्नर दुसऱ्याचे. हा माणूस पहिल्यापेक्षा दोन-तीन क्रेडिटांनी स्वस्त मिळतो. पहिल्याला नुकतीच दुखापत झालेली असेल किंवा सलग दुसऱ्या दिवशी सामना असेल, तर दुसऱ्याला घेण्यात जोखीम कमी आणि फायदा जास्त.

किंमत आणि गोल यांचं नातं किती सैल असतं ते हॉकी इंडिया लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात दिसलं. लिलावात हरमनप्रीत ७८ लाखांना गेला, सगळ्यात महाग. जुगराज सिंग ४८ लाखांना बेंगॉल टायगर्सकडे गेला. हंगामात सगळ्यात जास्त गोल जुगराजचे, १२. राउरकेलातल्या अंतिम सामन्यात हैदराबाद तूफान्सविरुद्ध बेंगॉल टायगर्स ४-३ ने जिंकले, त्यातही त्याची हॅटट्रिक होती. भारतीय संघात हरमनप्रीतच्या सावलीत राहणारा फ्लिकर क्लबमध्ये पहिल्या क्रमांकावर आला, एवढंच झालं. देशाच्या संघातला दुसरा फ्लिकर क्लबात पहिला होतो तेव्हा ॲप त्याला स्वस्तातच ठेवतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत, किंमत वाढायच्या आत, ही संधी घ्यायची असते.

कॉर्नर कसा बनतो हे समजून घेतलं तर निवड आणखी बारीक करता येते. बेसलाइनवर, जवळच्या गोलपोस्टपासून १० मीटरवर चेंडू ठेवून एकजण तो आत ढकलतो. डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या टोकाला एकजण तो थांबवतो, आणि फ्लिकर मारतो. बचावाला गोलकीपर धरून पाचच जण, तेही बेसलाइनमागे. साध्या हिटचा पहिला फटका गोलरेषेवर ४६० मिलिमीटरपेक्षा उंच जाऊ शकत नाही, म्हणजे गोलातल्या खालच्या फळीच्या उंचीएवढाच. ड्रॅग फ्लिकला ही अट नाही, तो जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊ शकतो. म्हणून ज्या संघाकडे खरा ड्रॅग फ्लिकर नाही आणि जो हिट किंवा फसव्या पासवर भागवतो, त्याच्या "कॉर्नर तज्ज्ञा"ला महागात घेऊ नका.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या महिला हॉकी अकादमीचा सराव बघायची संधी मिळाली, तर कॉर्नरच्या सरावाकडेच लक्ष द्या. पुश आणि स्टॉप यांवर किती वेळ घालवतात ते पाहिलं की कळतं की फ्लिकर एकटा काही करू शकत नाही. पुश अर्धा हात बाजूला गेला किंवा स्टॉपरच्या काठीवर चेंडू उसळला, की फ्लिक कमजोर पडते. संघाचा नेहमीचा पुश देणारा किंवा स्टॉपर यादीत नसेल, तर फ्लिकरच्या अंदाजातून एक-दोन गुण कापा. याच अकादमीतून आलेली सुशीला चानू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची कप्तान होती, आणि ग्वाल्हेरची इशिका चौधरी भारताकडून बचावात खेळली आहे. गुण मात्र इथेही कामाप्रमाणेच मोजायचे, गाव बघून नाही. गावकऱ्याला संघात घेण्याचा मोह फँटसीत सगळ्यांनाच महागात पडतो.

पुश देणाऱ्याला असिस्टचे गुण मिळतात का, हे तुमच्या कोष्टकात लिहिलेलं नाही. आधी ठरवा. मिळत असतील तर तो सामन्याला ०.७ असिस्ट म्हणजे सुमारे ४ गुण घेऊन येतो, आणि ८ क्रेडिटचा मिडफिल्डर अचानक सोन्याचा होतो. पुश दिल्यावर तो आत धावतो आणि जवळच्या पोस्टजवळ उसळलेला चेंडू आत घालायचा प्रयत्न करतो, त्यामुळे त्याचे स्वतःचेही गोल होतात. फ्लिकच्या वाटेत काठी लावून चेंडू वळवला तर गोल वळवणाऱ्याच्या नावे लागतो, फ्लिकरच्या नाही. ज्या संघात ही चाल वारंवार दिसते, तिथे फ्लिकरचा हिशेब पाचात एकावरून सहात एकावर आणा.

बचावाची बाजूही बघायची. कॉर्नर सुटताच गोलातून धावत सुटून फ्लिकच्या तोंडावर जाणारा पहिला धावपटू, ज्याला सगळे फर्स्ट रशर म्हणतात, तो नसेल तर समोरच्या फ्लिकरची किंमत वाढते. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं. पुढच्या जर्मनीविरुद्धच्या सामन्यात तो निलंबित. रोहिदास हा भारताचा फर्स्ट रशर. त्या सामन्यात जर्मनीकडून खेळणाऱ्या त्याच पेयाटने कॉर्नरवर गोल केला आणि भारत २-३ ने हरला. एका गोलावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण ज्याने त्या दिवशी पेयाटला कप्तान केलं त्याचा तर्क बरोबर होता. तुमच्या कोष्टकात रेडचे उणे ८ एवढंच दिसतं. पुढच्या सामन्यात दुसऱ्या कुणाचे गुण वाढतात हे कुणी लिहून ठेवत नाही.

फॉरवर्ड निवडताना गोलांची यादी बाजूला ठेवा. फॉरवर्ड पाच-सात मिनिटांच्या हप्त्यांत खेळतात, एकूण साठपैकी तीस ते चाळीस मिनिटं. डिफेंडर पन्नासच्या पुढे जातात. त्यामुळे फॉरवर्डचा कामाचा वेळ मुळात कमी, आणि मैदानी गोल (चालू खेळात झालेले) हे डीमधल्या गर्दीत कुणाच्या काठीवर चेंडू पडला यावर बरेच अवलंबून. त्यापेक्षा टिकाऊ गुण म्हणजे कॉर्नर मिळवणं. बेसलाइनच्या कडेने आत घुसणारा, डिफेंडरच्या पायावर चेंडू मारून हात वर करणारा फॉरवर्ड दर सामन्यात एक-दोन कॉर्नर देतो. तुमच्या कोष्टकात त्याला थेट गुण मिळतात आणि त्याच संघाच्या फ्लिकरलाही संधी मिळते. अशी जोडी एकत्र घ्या. दोघांचे गुण एकदमच चढतात, पडतात ते मात्र एकदम पडत नाहीत, कारण कॉर्नर मिळाल्याचे २ गोल न होताही हातात राहतात.

इथे व्हिडिओ रेफरलचाही हात आहे. प्रत्येक संघाला एक रेफरल मिळतो, बरोबर ठरला तर टिकतो. चुकून वाया घालवला की शेवटच्या क्वार्टरमध्ये पायाला लागलेला चेंडू सिद्ध करता येत नाही. काही कप्तान पहिल्या पाच मिनिटांतच तो उडवतात. त्यांच्या संघाचे उशिरा मिळणारे कॉर्नर थोडे कमी धरा.

क्रिकेटची सवय हॉकीत फार त्रास देते. आपल्याकडे ग्वाल्हेरचं रूपसिंग स्टेडियम म्हटलं की लोकांना २०१० मधले सचिनचे नाबाद २०० आठवतात. ज्यांचं नाव त्याला आहे ते कॅप्टन रूपसिंग ध्यानचंदांचे भाऊ, १९३२ च्या लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध २४-१ च्या सामन्यात दहा गोल करणारे. मैदानाचं जसं झालं तसंच फँटसीचं: हॉकीचा संघ क्रिकेटच्या डोक्याने निवडला जातो. क्रिकेटमध्ये अकरात नाव नसलं की गुण शून्य, म्हणून लोक सुरुवातीच्या अकराची यादी बघून बाकावरच्यांना काढून टाकतात. हॉकीत तसं नसतं. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या यादीत सहसा १८ जण असतात आणि गोलकीपर सोडला तर जवळजवळ सगळेच खेळतात. सुरुवातीला बाकावर असलेला फॉरवर्ड सातव्या मिनिटाला आत येऊन तेवढाच वेळ खेळतो. त्याला घेणारे कमी असतात, म्हणून बारा जणांच्या लीगमध्ये पुढे सरकायचं असेल तर तो फायद्याचा.

गोलकीपरचं मात्र उलट. दुसरा गोलकीपर सबंध सामना बाकावर बसू शकतो, आणि कधी कधी दोघे आलटून पालटून क्वार्टर खेळतात. भारताचे गोलकीपर श्रीजेश आणि कृशन पाठक यांची आंतरराष्ट्रीय संघांच्या प्रो लीगमधली ही अदलाबदल सगळ्यांनी पाहिली आहे. अशा संघाचा गोलकीपर घेतला तर बचावाचे गुण निम्मे होतात. मागच्या तीन सामन्यांत कोणता गोलकीपर किती क्वार्टर खेळला ते बघितल्याशिवाय नाव टाकू नका.

गोलकीपर कोणत्या बाजूचा घ्यायचा हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुतेक जण डोळे मिटून बलाढ्य संघाचा घेतात. तुमच्या कोष्टकात मोजून बघा. दुबळ्या संघाच्या गोलकीपरवर आठ फटके आले, त्याने पाच वाचवले आणि तीन खाल्ले: १५ वजा ६ अधिक २, म्हणजे ११. बलाढ्य संघाच्या गोलकीपरवर तीन फटके, दोन वाचवले, एक खाल्ला: ६ वजा २ अधिक २, म्हणजे ६. चारातून एकदा क्लीन शीट मिळते असं धरून आणखी २ टाका, तरी ८. थोडा दुबळा पण झुंजणारा संघ असेल तर त्याचाच गोलकीपर फायद्याचा. फक्त दरी फार मोठी नको. सात-आठ गोल खाणाऱ्या संघाच्या गोलकीपरचे गुण शून्याखाली जाऊ शकतात. शिवाय हरणारा संघ शेवटच्या चार-पाच मिनिटांत गोलकीपर काढून अकरावा मैदानी खेळाडू आणतो. २०१९ पासून त्या जागी गोलकीपरचे हक्क असलेला मैदानी खेळाडू ठेवता येत नाही, गोल सरळ उघडाच पडतो. उघड्या गोलात पडलेला चेंडू बाहेर बसलेल्या गोलकीपरच्या खात्यात धरायचा की नाही, हे तुमच्या लीगच्या नियमात घाला. भांडण हमखास इथेच होतं.

कप्तान कोणाला? हिशेबाने फ्लिकरच येतो, पण त्याचे गुण कसे येतात हे लक्षात ठेवा. सरासरी ०.७ गोल असला तरी जवळपास निम्म्या सामन्यांत त्याचा एकही गोल होत नाही, आणि कधी एकदम दोन-तीन होतात. पूर्ण हंगामाची लीग असेल आणि तुम्ही वरच्या तिघांत असाल, तर दर वेळी तोच कप्तान ठेवा, फेऱ्या वाढल्या की सरासरी आपोआप काम करते. तुम्ही मागे असाल आणि फेऱ्या थोड्या उरल्या असतील, तर सगळ्यांचा कप्तान तोच असणार, त्याने गोल केला तरी तुमचं अंतर कमी होणार नाही. अशा वेळी समोरच्या संघाचा फ्लिकर कप्तान करा आणि सगळ्यांच्या आवडत्याला उपकप्तान. आपल्या कप्तानासमोरचा गोलकीपर घ्यायचा का, याचंही उत्तर यातच आहे: आघाडीवर असाल तर घ्या, एकाचं नुकसान दुसरा भरून काढतो, मागे असाल तर टाळा, कारण तुम्हाला दोन्हीकडून उसळी हवी.

स्ट्रोकही विसरू नका. ६.४० मीटरवरून एकट्या गोलकीपरसमोर मारलेला फटका बहुतेक वेळा गोल होतो. स्ट्रोक क्वचित मिळतो, पण घेणारा ठरलेला असतो, आणि बऱ्याच संघांत तो फ्लिकरच. जिथे स्ट्रोक दुसरा कुणी फॉरवर्ड घेतो, तिथे त्या फॉरवर्डच्या अंदाजात अर्धा गुण वाढवा.

कार्डांबद्दल थोडक्यात. ग्रीनला दोन मिनिटं बाहेर, यलोला किमान पाच. तुमच्या कोष्टकातले उणे गुण दिसतात तेवढेच नुकसान नाही: फ्लिकर पाच मिनिटं बाहेर असताना मिळालेला कॉर्नर दुसऱ्याचा. मधल्या फळीत चेंडू हातचा गेल्यावर मागून काठी मारणारे ठरावीक खेळाडू असतात, त्यांची मागच्या पाच सामन्यांची कार्डं मोजा. तीन निघाली तर कप्तानपदासाठी त्याचं नाव काढून टाका, संघात ठेवलात तरी चालेल.

ॲपमधल्या जागेच्या नावावर विसंबू नका. मनप्रीत सिंगसारखा मिडफिल्डर गरज पडली की मागे बचावात खेळतो. तो मिडफिल्डर म्हणून नोंदलेला असतो आणि ५० मिनिटं मागे काढतो. गोलाला १२ मिळतील, पण गोल येणार कुठून? उलटं उदाहरण महिला हॉकीत मिळतं. दीपिका फॉरवर्ड म्हणून नोंदली जाते आणि ड्रॅग फ्लिकही मारते. २०२४ च्या राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत ११ गोल करून ती सगळ्यांच्या पुढे होती. मैदानी गोल आणि कॉर्नर, दोन्ही झरे एकाच माणसाकडे. तुमच्या कोष्टकात तिला गोलाला १० च मिळतात, तरी अशा फॉरवर्डला पहिल्या पाच निवडींत घ्या. नेदरलँड्सची यिबी यान्सेन मात्र डिफेंडर आणि पहिली फ्लिकर, पॅरिसमध्ये ९ गोल. तिच्या प्रत्येक गोलाला तुमची लीग १४ देईल.

हॉकी इंडिया लीगमध्ये एक जादा अडचण असते. २०२४-२५ च्या हंगामात २४ जणांच्या चमूत किमान १६ भारतीय, त्यांत चार ज्युनिअर, आणि आठ परदेशी होते. संघात एकापेक्षा जास्त नावाजलेले फ्लिकर जमतात, आणि मग कॉर्नर वाटले जातात. पहिल्या दोन सामन्यांत प्रत्येक कॉर्नर कोणी मारला ते हाताने लिहून काढा, वर्तमानपत्रातल्या बातमीवर जाऊ नका. बातमीत फक्त झालेले गोल येतात, वाया गेलेले फ्लिक येत नाहीत. तुम्हाला मारणारा हवा आहे, गोल झाला की नाही ते नंतर. तीन सामन्यांत नऊ कॉर्नर मारून एकही गोल न झालेला फ्लिकर सगळे काढून टाकतात, त्याची किंमत घसरते, आणि घ्यायची वेळ तीच असते.

जुने आकडे वापरताना सावध राहा. २०१६ आणि २०१७ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानी गोलाला दोन गोल धरत असत. त्या काळचे स्कोअर आजच्याशी ताडून बघितले तर फॉरवर्ड फुगलेले दिसतात. प्रो लीगमध्ये दोन संघ एकाच ठिकाणी पाठोपाठ दोनदा खेळतात, आणि दुसऱ्या सामन्यात कोच नव्यांना तपासतात. पहिल्या सामन्यातला संघ तसाच पुढे नेऊ नका, यादी जाहीर झाल्यावरच कुलूप लावा.

लीग पैसे न लावता चालवताय हे बरं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे, तेव्हा प्रवेशफीची कल्पना कुणी काढली तरी होकार देऊ नका. हरलेल्यांनी मिळून बहादुरा मिठाईवाल्याचे लाडू आणायचे, एवढं पुरे.

राहिला मोजणीचा प्रश्न. सामन्याच्या अधिकृत तक्त्यात गोल कुणी, कोणत्या मिनिटाला आणि मैदानी, कॉर्नर की स्ट्रोक हे मिळतं, कार्डंही मिळतात. असिस्ट, वाचवलेले फटके आणि कॉर्नर कुणी मिळवून दिला हे तिथे सापडेलच असं नाही. तुमच्या कोष्टकातले गोलकीपरचे जवळजवळ सगळे आणि फॉरवर्डचे एक तृतीयांशाहून जास्त गुण याच तीन गोष्टींवर आहेत. म्हणून हंगामाआधी मोजणारा एकजण नेमा, तो स्वतः खेळणाऱ्यांतला नको. गोलात जाणारा फटका अडवला तरच बचाव धरायचा, बाहेर जाणारा नाही, हे त्याला लेखी द्या. आणि कॉर्नर पायाला लागून मिळाला तर तो चेंडू शेवटी ज्याच्या काठीवर होता त्याच्या नावे, २३ मीटरच्या आत मुद्दाम केलेल्या फाउलने मिळाला तर ज्याच्यावर फाउल झाला त्याच्या नावे, असं ठरवून टाका.